पंडिता रमाबाई आणि मनोरमा : मायलेकींचा सागरप्रवास

श्रोतेहो, महाराष्ट्रांतून परदेशीं गेलेल्या विद्यार्थ्यांच्या, व्यापाऱ्यांच्या व मुत्सद्द्यांच्या हकीकती आपण पुष्कळ ऐकल्या आहेत. आज ज्या प्रवासाची कथा सांगण्याचें मीं योजिलें आहे, तो या सर्वांहून निराळा आहे. त्यांतील मुख्य प्रवासी दोन : एक पंचवीस वर्षांची विधवा आई व दुसरी नुकतीच दोन वर्षांची झालेली तिची मुलगी. आई म्हणजे पंडिता रमाबाई आणि मुलगी म्हणजे मनोरमा. १८८३ सालच्या एप्रिल महिन्यांत या मायलेकी मुंबईहून आगबोटींत बसल्या. त्या प्रवासांतून जें निष्पन्न झालें, त्याचा परिणाम पुणें व केडगांव येथपर्यंतच राहिला नाहीं. आपल्या जुन्या निजामी मुलखांतील गुलबर्ग्यापर्यंत तो येऊन पोंचला. म्हणून नांदेड-लातूरकडील श्रोत्यांस ही कथा परकी वाटण्याचें कारण नाहीं.

रमाबाईंचें नांव निघालें कीं त्यांच्या धर्मांतराचा वाद निघतो. त्या वादांत कोणी त्यांस दोष देतो, कोणी त्यांची बाजू घेतो. परंतु त्या वेळीं त्यांच्या कडेवर एक मूल होतें, याची आठवण दोन्ही पक्षांस क्वचितच राहते. त्या मुलाच्या मनावर अधिकार कोणाचा? आईचा, आश्रय देणाऱ्या संस्थेचा, कीं ज्या देशांत तें जन्मलें त्या देशाचा? आजच्या भाषणांत मला याच प्रश्नाचा मागोवा घ्यावयाचा आहे.

हा प्रश्न रमाबाईंच्या आयुष्यांत नवा नव्हता. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृत विद्येचे मोठे व्यासंगी होते. त्यांनीं आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविलें आणि त्यामुळें त्यांस जातभाईंचा रोष सोसावा लागला. १८५८ सालीं रानांतील गंगामूळ नांवाच्या ठिकाणीं रमाबाईंचा जन्म झाला. त्या सहा महिन्यांच्या असतांना कुटुंबानें घर सोडलें आणि वेताच्या पेटाऱ्यांत घालून या तान्ह्या मुलीला डोंगरावरून खालीं आणण्यांत आलें. पुढें कित्येक वर्षें तीर्थामागून तीर्थें करीत, देवळांत पुराणें सांगत आणि मिळेल त्या दक्षिणेवर निर्वाह करीत हें कुटुंब हिंडत राहिलें. अखेर दुष्काळानें घाला घातला. १८७४ सालच्या सुमारास आईबाप गेले. पाठोपाठ थोरली बहीणहि गेली. राहिलीं तीं रमाबाई व भाऊ श्रीनिवास हीं दोघें. तात्पर्य, आईबापांच्या धर्मश्रद्धेपायीं मुलानें देशोधडीस लागणें म्हणजे काय, हें रमाबाई स्वतःच्या अनुभवावरून जाणत होत्या. मात्र त्याच भटकंतींत आईच्या मुखानें त्यांस संस्कृत विद्या मिळाली, हेंहि विसरून चालणार नाहीं.

१८७८ सालीं बहीणभाऊ कलकत्त्यास पोंचलीं. तेथील विद्वानांनीं रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० सालीं श्रीनिवास वारला. त्याच वर्षीं रमाबाईंनीं बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशीं नोंदणी पद्धतीनें विवाह केला. हा विवाह जात आणि प्रांत या दोन्ही मर्यादा ओलांडणारा होता. १६ एप्रिल १८८१ रोजीं मनोरमेचा जन्म झाला आणि १८८२ सालच्या फेब्रुवारींत पटकीच्या आजारानें बिपिनबाबूंचा अंत झाला. वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आंत आईबाप, भावंडें आणि पति यांस अंतरलेली ही स्त्री तान्ह्या मुलीस घेऊन पुण्यास आली. जगांत तिचें म्हणावें असें तें एक मूल तेवढें उरलें होतें. पुढील साऱ्या घटनांचा विचार करतांना ही गोष्ट आपण ध्यानांत ठेवावी, अशी माझी विनंति आहे.

पुण्यांत त्यांनीं १८८२ च्या जून महिन्यांत आर्य महिला समाज स्थापिला, ‘स्त्रीधर्मनीति’ हें पुस्तक लिहिलें आणि हंटर कमिशनपुढें साक्ष देऊन स्त्रियांस स्त्रीडॉक्टरांची किती निकड आहे तें सांगितलें. आपणच वैद्यक शिकावें असा त्यांचा मनोदय होता. त्याकरितां विलायतेस जावयाचें, तर पैसा हवा. पुस्तकाच्या विक्रीवर त्यांनीं प्रवासाचा खर्च भागविला. विलायतेंत राहण्याची सोय मात्र सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन पंथाच्या भगिनीसंघानें पत्करली. या संघाचें एक ठाणें पुण्यास होतें व मूळ मठ इंग्लंडांतील वाँटेज या लहानशा गांवीं होता. मोबदल्यांत रमाबाईंनीं तेथील भगिनींस मराठी शिकवावी असें ठरलें. निघतांना आपण धर्म बदलणार नाहीं, असेंहि त्यांनीं आपल्या हितचिंतकांस सांगितलें होतें.

या प्रवासांत मायलेकींबरोबर आनंदीबाई भगत नांवाची एक सखी होती. समुद्रप्रवासाचें आणि नव्या देशाचें वर्णन रमाबाईंनीं पत्ररूपानें मराठींत लिहून पाठविलें आणि तें ‘इंग्लंडचा प्रवास’ या नांवानें त्याच वर्षीं प्रसिद्ध झालें. स्त्रीनें केलेल्या समुद्रप्रवासाचें वर्णन तिच्याच लेखणींतून मराठी वाचकांस मिळावें, ही त्या काळीं अपूर्व गोष्ट होती.

वाँटेजला पोंचल्यावर कांहीं महिन्यांतच दोन घटना घडल्या. आनंदीबाई भगत हिचा मनोभंग झाला. आपल्यावर धर्मांतराची सक्ति होईल या भयानें तिनें विष घेऊन प्राण दिला. सक्ति खरोखर होणार होती कीं नाहीं, हा प्रश्न निराळा. भय मात्र खरें होतें आणि परक्या देशांत तें सांगावयास तिला कोणी नव्हतें. दुसरी घटना म्हणजे २९ सप्टेंबर १८८३ रोजीं रमाबाईंनीं व त्यांच्याबरोबर अडीच वर्षांच्या मनोरमेनें घेतलेली ख्रिस्ती दीक्षा. लंडननजीक फुलहॅम येथें भगिनींनीं वाट चुकलेल्या स्त्रियांकरितां चालविलेला आश्रम रमाबाईंनीं पाहिला होता. समाजानें टाकलेल्या बाईस जवळ घेणारा हा धर्म कोणता, असा प्रश्न त्यांस पडला आणि त्यांतून आपलें मन वळलें, असें त्यांनीं पुढें स्वतः लिहून ठेविलें आहे.

येथें महाराष्ट्रांत मोठी खळबळ उडाली. आश्रितेस फसविलें, असें पुष्कळांस वाटलें. उलट जोतीराव फुल्यांनीं १८८५ सालीं ‘सत्सार’ या आपल्या पत्रिकेंत रमाबाईंचा पक्ष घेतला. आपण येथें न्यायाधीशाच्या आसनावर बसूं नये. परंतु एवढें नमूद करणें प्राप्त आहे कीं, आईनें आपला निर्णय विचारान्तीं घेतला, मुलीनें तो घेतला नाहीं. अडीच वर्षांच्या मुलास कोण विचारतो? हें केवळ रमाबाईंविषयींच खरें आहे असें मात्र नव्हे. बारशापासून मुंजीपर्यंत कोणताहि संस्कार मुलास विचारून होत नाहीं. जन्मानें मिळणारा धर्म काय आणि आईच्या हातानें मिळणारा धर्म काय, मुलाच्या दृष्टीनें दोन्ही दिलेलेच असतात. फरक पडतो तो पुढें, त्या मुलाला विचार करण्याची मोकळीक ठेवली जाते कीं नाहीं, या ठिकाणीं.

आणि याच ठिकाणीं रमाबाईंचा व त्यांच्या आश्रयदात्यांचा खटका उडाला. भगिनी जेराल्डिन ही रमाबाईंची धर्ममाता झाली होती. रमाबाई तिला प्रेमानें ‘आजीबाई’ म्हणत. कानांच्या अधूपणामुळें रमाबाईंस वैद्यकाचा विचार सोडावा लागला. त्या १८८४ सालीं चेल्टनहॅम येथील लेडीज कॉलेजांत शिकूं व संस्कृत शिकवूं लागल्या. मनोरमा पुष्कळ काळ वाँटेजच्या भगिनींपाशीं असे. त्या तिच्यावर जीव टाकीत, यांत शंका नाहीं. परंतु माया करणाऱ्यास मुलावर हक्क सांगावासा वाटतो, हा मनुष्यस्वभाव आहे. तिला काय शिकवावें, कोणत्या वयांत कोणतें धर्मतत्त्व सांगावें, हें आपणच ठरवावें असें भगिनींस वाटूं लागलें. रमाबाईंनीं साफ कळविलें कीं, मुलीच्या बाबतींत अखेरचा शब्द आईचा राहील.

हा पत्रव्यवहार भगिनी जेराल्डिन हिनें जपून ठेविला आणि १९७७ सालीं तो ग्रंथरूपानें मुंबईस प्रसिद्ध झाला. तो वाचतांना रमाबाईंचा करारी स्वभाव पानोपानीं दिसतो. मुलगी इंग्रज मडमेसारखी वाढावी हें त्यांस मुळींच मान्य नव्हतें. ती आपल्या देशबांधवांतलीच एक राहावी, त्यांच्यावर प्रेम करणारी व्हावी, त्यांच्याहून परकी किंवा श्रेष्ठ होऊन परत जाऊं नये, असा त्यांचा आग्रह होता. ख्रिस्ती झाल्यावरहि त्यांनीं मांसाहार केला नाहीं. अंडें घातलेला पदार्थसुद्धां त्या खात नसत. हा जुना जातिसंस्कार आतां टाकून द्यावा, असें जेराल्डिनबाईंचें म्हणणें पडलें. रमाबाईंनीं तें ऐकलें नाहीं. क्रुसावर लॅटिन शब्द कोरलेले पाहून त्यांनीं विचारलें कीं, आमच्या संस्कृतापेक्षां लॅटिनांत असें अधिक काय पवित्र आहे? धर्म स्वीकारला, पण भाषा, अन्न आणि देश यांचा त्याग त्यांनीं केला नाहीं. धर्म बदलला म्हणजे देशहि बदलला असें मानणाऱ्या दोन्हीकडच्या लोकांस हें उमगणें कठीण गेलें.

१८८६ सालच्या आरंभीं फिलाडेल्फियाहून बोलावणें आलें. डॉ. आनंदीबाई जोशी यांचा तेथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत पदवीदान समारंभ व्हावयाचा होता. मायलेकींनीं अटलांटिक महासागर ओलांडला आणि ११ मार्च १८८६ रोजीं हा समारंभ पाहिला. ज्या विद्येकरितां रमाबाई स्वतः निघाल्या होत्या, ती आपल्या एका मराठी भगिनीस मिळालेली त्यांनीं डोळ्यांनीं पाहिली. दुर्दैवानें आनंदीबाई पुढच्याच वर्षीं, २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, पुण्यास मरण पावल्या. रमाबाई मात्र अमेरिकेंत राहिल्या आणि गांवोगांवीं व्याख्यानें देत, शाळा पाहत हिंडूं लागल्या. फ्रॉबेलच्या बालोद्यान पद्धतीचा त्यांनीं अभ्यास केला. ‘द हायकास्ट हिंदू वुमन’ हें पुस्तक १८८७ सालीं इंग्रजींत लिहिलें, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत बोस्टन शहरीं रमाबाई असोसिएशन स्थापन झालें. हिंदु विधवांच्या शाळेस दहा वर्षें साहाय्य देण्याचें या मंडळानें पत्करलें.

परंतु या दौऱ्याची किंमत कोणी दिली? पांच वर्षांची मनोरमा आईबरोबर गांवोगांवीं फिरूं शकत नव्हती. तिला पुन्हा वाँटेजला धाडण्यांत आलें. ज्या भगिनींशीं मुलीवरून वाद झाला, त्यांच्याच हातीं मुलगी सोपवावी लागली. आई अमेरिकेंत, लेक इंग्लंडांत आणि मध्यें महासागर! या काळांत रमाबाईंनीं मुलीस धाडलेलीं पत्रें उपलब्ध आहेत. ज्या बाईनें सभा गाजविल्या, ती त्या पत्रांत लहान मुलास कळतील अशा गोष्टी लिहीत बसलेली दिसते. आपल्याकडे आज खेड्यांतील आईबाप मुलांस पंधराव्या-सोळाव्या वर्षीं शिकण्याकरितां लातुरास किंवा नांदेडास ठेवतात. शिक्षकाच्या पेशांत अशीं कित्येक मुलें मीं पाहिलीं आहेत. मुलाच्या कल्याणाकरितांच हें केलेलें असतें. तरी रात्रीं त्या मुलास काय वाटतें, हें त्याचें त्यालाच ठाऊक. मनोरमा तर अवघी पांच वर्षांची होती आणि तिची ताटातूट तिच्या स्वतःच्या शिक्षणाकरितां नव्हे, परक्यांच्या लेकींकरितां झाली होती. लोककार्य करणाऱ्यांच्या मुलांस हा कर पुष्कळदां भरावा लागतो आणि इतिहासांत त्याची पावती कोणी देत नाहीं.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून निघून जपानमार्गें रमाबाई १८८९ सालच्या आरंभीं हिंदुस्थानांत परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदा सदन उघडलें. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई जोशी नांवाची बालविधवा होती. तीच पुढें महर्षि धोंडो केशव कर्वे यांची पत्नी आनंदीबाई झाली. त्याच वर्षीं अमेरिकेच्या लोकस्थितीचें वर्णन करणारें रमाबाईंचें मराठी पुस्तकहि निघालें. १८९० सालीं सदन पुण्यास आलें. तेथें धर्मशिक्षण द्यावयाचें नाहीं, असा करार होता. रमाबाई आपल्या खोलींत मुलीस घेऊन प्रार्थना करीत. खोलीचें दार उघडें असे. हळूहळू सदनांतील कांहीं मुली तेथें येऊन बसूं लागल्या. यावरून ‘केसरी’नें टीकेची झोड उठविली. सल्लागार मंडळांतील न्यायमूर्ति रानडे व डॉ. भांडारकर यांसारख्या मित्रांनीं १८९३ सालीं आपला संबंध तोडला आणि पुष्कळ पालकांनीं आपल्या मुली काढून नेल्या.

श्रोतेहो, येथें काळाचा कांटा कसा फिरला पाहा. इंग्लंडांत असतांना रमाबाई म्हणत होत्या कीं, माझ्या मुलीला काय शिकवावें हें संस्थेनें ठरवूं नये. आतां पुण्यांतील पालक रमाबाईंच्या संस्थेला नेमकें तेंच सांगत होते. दार उघडें ठेवणें म्हणजे आमंत्रण नव्हे, असें रमाबाईंचें म्हणणें. परंतु जिला आसऱ्याकरितां दुसरें घर नाहीं, त्या मुलीला उघडें दार आणि आमंत्रण यांतला भेद कितपत कळणार, असें पालकांचें म्हणणें. दोन्ही बाजूंस सत्याचा अंश होता. आश्रय देणाऱ्यानें आश्रिताच्या मनाशीं किती जपून वागावें, याचा हा धडा आहे. तो ख्रिस्ती संस्थेस जितका लागू, तितकाच कोणत्याहि धर्माच्या वसतिगृहास, मठास वा अनाथाश्रमास लागू आहे.

दुष्काळानें रमाबाईंचें बालपण हिरावून घेतलें होतें. दुष्काळानेंच त्यांचें कार्य वाढविलें. १८९६-९७ च्या दुष्काळांत त्या मध्यप्रांतांतून व १९०० च्या दुष्काळांत गुजराथेंतून उपाशी मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगांव येथें १८९८ सालीं मुक्तिसदन उभें राहिलें आणि तेथील स्त्रियांची संख्या सुमारें २००० पर्यंत गेली. हें सदन मात्र उघडपणें ख्रिस्ती होतें. मनोरमा या वेळीं अमेरिकेंत न्यूयॉर्क संस्थानांतील एका शाळेंत शिकत होती. १८९८ सालीं बोस्टनच्या मंडळाचीं दहा वर्षें संपलीं तेव्हां रमाबाई पुन्हा अमेरिकेस गेल्या. परतल्यावर मनोरमाबाईंनीं शारदा सदनाचा भार उचलला. अंधांची ब्रेल लिपि शिकून त्यांनीं ती मुक्तिसदनांतील आंधळ्या मुलींस शिकविली. या शतकाच्या नव्हे, तर गेल्या शतकाच्या आरंभीं एका लहान गांवांत आंधळी मुलगी बोटांनीं वाचूं लागली, ही गोष्ट सामान्य नाहीं.

आतां आपल्या मुलखाकडे वळूं. मराठवाड्याचा ख्रिस्ती कार्याशीं संबंध रमाबाईंच्याहि आधीचा. रेव्हरंड नारायण शेषाद्रि यांनीं जालन्याजवळ बेथेल नांवाची वसाहत बसविली होती आणि तेहि १८७३ सालीं न्यूयॉर्क येथील ख्रिस्ती परिषदेस जाऊन आले होते. मनोरमाबाईंनीं आईच्या साहाय्यानें १९१२ सालच्या सुमारास गुलबर्गा येथें शाळा काढली. तेव्हां गुलबर्गा, लातूर व नांदेड हे एकाच हैदराबाद संस्थानाचे भाग होते. १९४८ सालीं संस्थान भारतांत विलीन झालें आणि १९५६ सालीं गुलबर्गा कानडी राज्यांत गेलें. सरकारी कारभार उर्दूंत, घरांत मराठी, कानडी अथवा तेलुगु, आणि मुलींच्या शाळा बोटांवर मोजण्याइतक्या, अशी त्या काळीं या मुलखाची स्थिति होती. विलायत, अमेरिका पाहिलेल्या स्त्रीनें मुंबई किंवा पुणें न निवडतां अशा मागासलेल्या मुलखांत शाळा उघडावी, यांत आईच्या जुन्या आग्रहाचें उत्तर आहे असें मला वाटतें. मुलगी परकी होऊन परत जाऊं नये, एवढेंच आईनें मागितलें होतें. मुलगी परकी तर झाली नाहींच. उलट जेथें कोणी जावयास धजत नव्हतें तेथें ती गेली.

मनोरमाबाईंस दीर्घायुष्य लाभलें नाहीं. २४ जुलै १९२१ रोजीं, चाळिसाव्या वर्षीं, त्या मरण पावल्या. आईच्या पश्चात् कार्य चालवावयाची जिच्यावर भिस्त, तीच आधीं गेली. रमाबाई त्या वेळीं मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून बायबलाचें सोप्या मराठींत भाषांतर करीत होत्या. दुःख गिळून त्यांनीं तें काम तडीस नेलें आणि नऊ महिन्यांच्या आंत, ५ एप्रिल १९२२ रोजीं, त्याहि निवर्तल्या.

या कथेंतून एकच बोध काढावा, असा माझा आग्रह नाहीं. रमाबाईंचें धर्मांतर ज्यांस रुचत नाहीं, त्यांनीं त्यांची मुलीच्या भाषेविषयीं व देशाविषयींची तळमळ पाहावी. ज्यांस तें रुचतें, त्यांनीं आनंदीबाई भगत हिचें भय आणि पुण्यांतील पालकांची चिंता हीं दृष्टीआड करूं नयेत. आईबाप मुलाला हातीं धरून आपल्या श्रद्धेच्या वाटेनें नेतातच; अनंतशास्त्र्यांनीं नेलें, रमाबाईंनीं नेलें, आपणहि नेतों. मुलाचा हात धरावा तो त्याला चालतां यावें म्हणून, आणि चालतां येऊं लागल्यावर तो सोडण्याची तयारीहि असावी. मनोरमाबाईंनीं आईची वाट सोडली नाहीं हें खरें. परंतु ती वाट गुलबर्ग्यापर्यंत नेण्याचें काम त्यांनीं स्वतःच्या पायांनीं केलें. आईच्या थोरवीपुढें लेकीचें नांव झांकलें गेलें आहे. आपल्या मुलखांत मुलींच्या शाळेचा इतिहास जेव्हां लिहिला जाईल, तेव्हां मनोरमाबाई मेधावी यांस त्यांत दोन ओळी तरी मिळाव्यात, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतों.